प्लीटची नोंद

'प्लीट' या शब्दाची नोंद मी तीनदा लिहिली. पहिल्यांदा लिहिली तेव्हा कोशाच्या कार्यालयात नवा होतो. पाच जुने कोश उघडे ठेवून त्यांवरून सहावा तयार करायचा, हेच आपलं काम, अशी माझी समजूत होती. चिठ्ठीवर लिहिलं: 'प्लीट – कापडाची घडी; चुणी.' आणि शाई वाळायच्या आत पुढच्या शब्दाकडे वळलो.

आमच्याकडे एक पद्धत होती. शब्द ज्या धंद्यातला असेल त्या धंद्यातल्या माणसाला चिठ्ठी वाचून दाखवायची आणि मागच्या बाजूला त्याची सही घ्यायची. सुताराचे शब्द सुताराकडे, नळवाल्याचे नळवाल्याकडे. बहुतेक जण नीट न ऐकताच सही करत. प्लीटसाठी मला फार लांब जावं लागणार नव्हतं. माझी थोरली बहीण कापडाला प्लीट घालायचंच काम करायची.

एका रंगकामाच्या कारखान्याखाली ताईची खोली होती. मध्ये लांबलचक टेबल, कोपऱ्यात वाफेचं कपाट, भिंतीला फळ्या, आणि फळ्यांवर फितींनी बांधलेले कागदाचे साचे. शिंप्यांकडून कापड यायचं आणि प्लीट पडून परत जायचं. शाळेचे स्कर्ट, पडदे, गाणाऱ्या बायांचे झगे, काहीही.

"वाच," ताई म्हणाली. हातातलं काम तिनं थांबवलं नव्हतं.

मी वाचलं.

"परत वाच."

परत वाचलं.

"यासाठी तुला तिथं खुर्ची दिलीय?"

तिनं खुंटीवरचा एक स्कर्ट काढला, दोन्ही हातांनी त्याच्या प्लीट ताणून कापड पार सपाट केलं आणि सोडून दिलं. सगळ्या प्लीट सरसर जागेवर गेल्या.

"ही घडी?"

"म्हणजे तशी घडीच ना," मी म्हणालो.

"अरे, घडी मोडते. रुमालाची घडी घाल, झटक, गेली. चुणी आपसूक पडते, तिला कुणी बोलावलेलं नसतं. सुरकुतीचं तर नावच काढू नकोस, ती म्हातारपणासारखी, नको असताना येते. प्लीट घालावी लागते. मोजून. आणि एकदा घातली, की ओढा, दाबा, वर बसा, ती परत आपल्या जागी येते. नाही आली तर ती प्लीट नाही, माझी बेअब्रू आहे."

"मग काय लिहू?"

"ते तू बघ. पंडित तू आहेस. या चिठ्ठीवर मी सही करणार नाही."

दोन दिवस खपून मी दुसरी नोंद लिहिली, पाच ओळींची. मोजून घातलेली आणि वाफेने बसवलेली कापडाची दुमड. उलगडली असता पुन्हा आपल्या जागी येते. घडी, चुणी व सुरकुती यांहून निराळी. मराठीत 'घालणे' आणि 'बसवणे' या क्रियापदांबरोबर वापरतात. ताईनं ती दोनदा वाचून घेतली, हात पुसले आणि सही केली. तिची सही चिठ्ठीच्या बाहेर जायला निघाली होती.

मुख्य संपादकांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "लिहिलंय बरं. पण पाच ओळी? अहो, 'प्लेग'ला चारच दिल्यात आपण." आणि तांबड्या पेन्सिलीनं त्यांनी चार ओळी उडवल्या. उरलेल्या ओळीत पुन्हा 'घडी, चुणी' लिहिलं. मी समोर उभा होतो. मागची सही त्यांना दाखवावी असं मनात आलं होतं. मी "बरं साहेब" म्हणालो.

खंड छापून आला तेव्हा त्याची एक प्रत ताईला नेऊन दिली. तिनं तिला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं आणि ती वाफेच्या कपाटावरच्या फळीत ठेवली. गिऱ्हाईक आलं की तिकडे बोट दाखवायची. "आमचा शब्द आहे हं त्यात. मी सांगितलेला." तिथं गेलो की मी आधी त्या कव्हराकडे बघायचो. ते कधी हललेलं दिसलं नाही. इतक्या वर्षांत मला तिला खरं सांगता आलं नाही. काही कारण होतं असंही नाही.

आता साच्याबद्दल सांगायला हवं. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

साचा म्हणजे जाड कागदाचे दोन मोठे ताव. दोन्हींवर सारख्याच रेघा हाडाच्या पट्टीनं ओढून, एक दुमड वर, एक खाली, अशा शंभर-दीडशे दुमडी घातलेल्या. एक ताव दुसऱ्यात बोटांत बोटं अडकवावीत तसा बसतो. दोन्ही ताणून उघडायचे, मध्ये कापड पसरायचं, मग कागद आपल्या सवयीनं मिटतो आणि कापडालाही बरोबर मिटायला लावतो. वरून फीत बांधायची, वाफेत ठेवायचं, थंड होऊ द्यायचं. कापड शिकतं ते कागदाकडून.

ताईकडे असे एक्केचाळीस साचे होते. सगळे तिच्या हातचे. गोल झग्याच्या साच्याला तीन आठवडे लागायचे, आणि एखादी दुमड दोऱ्याएवढी चुकली तर तो ताव बाद. प्रत्येकाला नाव होतं. अरुंद दुमडींचा तो 'बाजा', गोल तो 'सूर्य', आणि एक आडमुठा साचा होता, कधी सरळ मिटायचा नाही, त्याचं नाव 'सासूबाई'. "सासूबाईंना आधी वाफ दाखवल्याशिवाय त्या ऐकत नाहीत," असं ती अगदी गंभीर चेहऱ्यानं सांगायची.

चार वर्षांपूर्वी ताईचे हात थरथरायला लागले. त्यानंतर नवा साचा झाला नाही. काम भाचीनं उचललं. ताईची ती एकुलती एक मुलगी. नवरा नाही, मूलबाळ नाही, चाळिशी उलटलेली. सोळाव्या वर्षापासून ती त्या टेबलापाशी उभी आहे. कुठलंही कापड कुठल्याही साच्यातून काढायची, पण साचा करणं तिला जमलं नाही. खूप प्रयत्न केला तिनं. ताई म्हणायची, "हिचा हात गाणाऱ्याचा आहे, पेटी बनवणाऱ्याचा नाही."

यंदा ती इमारत पाडायचं ठरलं. महिनाअखेर खोली सोडायची होती. भाचीनं दहा ठिकाणी विचारलं. सगळीकडे यंत्रं आली होती, आणि यंत्र चालवायला त्यांना पंचविशीतली माणसं हवी होती. मग शिवणशाळेच्या मुख्याध्यापिका येऊन गेल्या. चष्म्याला दोरी लावलेल्या, हळू बोलणाऱ्या बाई. एकेका साच्यावरून त्यांनी तळहात फिरवला. म्हणाल्या, शाळेत तळमजल्यावर एक खोली आहे, वाफेची सोय आहे, हातानं प्लीट घालायचा वर्ग सुरू करू आणि तुमच्या मुलीला शिकवायला नेमू. मात्र साचे सगळे शाळेत यायला हवेत. पंधरा तारखेला, गुरुवारी, समितीची माणसं ते बघतील आणि त्याच दिवशी नेतील.

त्या गेल्यावर ताईनं मला बाहेर ओढलं. हनुवटीनं आत भाचीकडे खूण केली.

"साचे आहेत तोवर ही आहे. साचे नसले, तर कुणाच्या तरी दुकानात उभं राहून जन्मभर इस्त्री फिरवेल. कळतंय ना? त्या गुरुवारपर्यंत मला मरायलासुद्धा सवड नाही."

"असं काय बोलतेस?"

"मग कसं बोलू? कोशात बघून?"

गुरुवारला बारा दिवस राहिले होते, शनिवार होता, भर दुपारी वरच्या कारखान्यातली पाण्याची टाकी फुटली. छतातून धारा लागल्या त्या थेट फळ्यांवर. भाची कापड पोचवायला गेली होती. ताई एकटीच. त्या थरथरत्या हातांनी ती साचे खाली काढायला गेली आणि ओल्या फरशीवर पडली. खुब्याचं हाड मोडलं.

भाचीचा फोन दवाखान्यातून आला.

"मामा, आईला आत घेतलंय. ती सारखी साचे साचे करतेय. सगळे भिजलेत. माझ्या घरात पाय ठेवायला जागा नाही, तुझ्याकडे ने. वाळव फक्त. करशील ना?"

"करतो."

"नक्की? मला इथून हलता यायचं नाही."

"अगं, ओला कागद हा माझा विषय आहे," मी म्हणालो.

हे वाक्य मी खरंच बोललो. आणि ते खोटंही नव्हतं. आमच्या कार्यालयात एकदा नळ उघडा राहून चिठ्ठ्यांची दोन कपाटं आणि शेकडो पुस्तकं भिजली होती. ग्रंथालयातून एक माहीतगार गृहस्थ आले होते. त्यांनी आम्हाला शिकवलं, की ओला कागद दुमडलेला ठेवायचा नाही. दुमडीत ओल राहते, तिथून बुरशी धरते, कागद कुजतो. एकेक पान उलगडायचं, टीपकागदानं टिपायचं, दोन फळ्यांमध्ये सपाट घालायचं आणि वर वजन ठेवायचं. त्या वेळी मी एकट्यानं चार हजार चिठ्ठ्या वाचवल्या होत्या. माझ्या आयुष्यात माझ्या हातून जर काही निर्विवाद चांगलं झालं असेल तर ते तेवढंच. शिवाय माझा स्वभाव. ग्रंथालयाच्या पुस्तकात कुणी पानाचा कोपरा दुमडलेला दिसला, की तो नखानं सरळ केल्याशिवाय मला पुढे वाचवत नाही. कागदाला दुमड पडली म्हणजे कागदाला दुखापत झाली, असंच मी मानत आलो.

मी हातगाडी ठरवली आणि साचे घरी आणले. एक मोठी टोपलीही होती, बारीकसारीक सामानाची, ती दाराशी ठेवली. मग कामाला लागलो.

फिती सोडल्या. दोन्ही ताव वेगळे केले. प्रत्येक दुमड उलगडून तळहातानं आतून बाहेर पुसली. जेवणाचं टेबल, पलंग, बैठकीची फरशी, सगळीकडे जुनी वर्तमानपत्रं आणि टीपकागद पसरले. ताव सपाट घातले, वर लाकडी फळ्या, फळ्यांवर वजन. वजन मात्र हवं तेवढं होतं. कोशाचे अकरा खंड माझ्या घरात आहेत आणि त्यातला एकही हलका नाही. सकाळ-संध्याकाळ टीपकागद बदलत होतो. पाठ मोडून आली. मी स्वतः खुर्चीवर झोपत होतो. कोपऱ्यात बारीक पेन्सिलीनं प्रत्येकाचं नाव लिहिलं: बाजा, सूर्य, सासूबाई. सासूबाईंना सपाट व्हायला चार दिवस लागले, तेव्हा मला हसू आलं. ताईला हे सांगायचं, असं ठरवून ठेवलं.

खरं सांगायचं तर ते अकरा दिवस मी सुखात होतो. ताईसाठी मी कधी काही केलं नव्हतं. पाच ओळी टिकवायच्या होत्या, त्याही टिकवल्या नव्हत्या.

भाची रोज फोन करायची, दोन मिनिटं.

"सुकताहेत?"

"सुकताहेत."

"बुरशी?"

"एक ठिपकासुद्धा नाही."

"सुटले रे बाबा," ती म्हणायची, आणि मागून कुणी तरी हाक मारली की फोन ठेवायची.

मी दवाखान्यात एकदाच गेलो. ताई औषधाच्या गुंगीत होती. मी स्टुलावर बसून राहिलो. थोड्या वेळानं परत आलो, कारण संध्याकाळचे टीपकागद बदलायचे होते.

बुधवारी दुपारी भाची आली. डोळे खोल गेलेले, केस कसेतरी बांधलेले. पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "चल, दाखव. उद्या सकाळी नऊला गाडी येणार आहे शाळेची."

मी तिला बैठकीत नेलं. टेबलावर ऐंशी ताव एकावर एक रचले होते, कडेला कड लावून. चादर बाजूला केली.

तिनं त्या ढिगाकडे पाहिलं. मग खोलीभर पाहिलं.

"साचे कुठायत?"

"हे काय."

"हे... हे कागद काय आहेत?"

"साचेच. बघ ना, नावं घातलीत कोपऱ्यात. कुठे डाग नाही, कुठे चिरलेला नाही."

ती पुढे झाली. सगळ्यात वरचा ताव तिनं दोन कडांना धरून उचलला. तो तिच्या हातात फळीसारखा ताठ राहिला. तिनं तो हलवला, जसा ती रोज हलवायची, मिटण्यासाठी. तो मिटला नाही. पुन्हा हलवला. नुसता कागदाचा खडखड आवाज झाला.

"मामा," ती म्हणाली, अगदी हळू, "तू यांना इस्त्री केलीस?"

"नाही, नाही. इस्त्री कशी करीन? नुसतं वजन—"

आणि तिथे माझं वाक्य थांबलं. त्या क्षणी मला कळलं. असं उशिरा कळण्याला काय म्हणतात मला माहीत नाही, चाळीस वर्षं शब्दांत काढूनही.

भाचीनं तो ताव परत ढिगावर ठेवला. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बांधलेले तसेच वाळवायचे असतात रे," ती फरशीकडे बघत म्हणाली. "उभे ठेवून. मिटलेले. पंख्याखाली. मला वाटलं... कुणालाही... मी सांगायला हवं होतं. पण हे कुणाला सांगावं लागेल असं मला वाटलंच नाही."

"आपण परत दुमडू," मी म्हणालो. "रेघा दिसताहेत अजून. बघ, पुसट आहेत, पण आहेत."

आम्ही बसलो. तिनं बाजाचा ताव घेतला, मी सूर्याचा. रेघेवर दुमडायला गेलं की कागद रेघेच्या शेजारी दुमडत होता. जिथे रेघेवर दुमडला तिथे तंतू तुटून चिरत होता. बाकी दुमड बोट काढलं की हळूहळू उघडत होती, आणि ताव परत सपाट होत होता. आपल्या जागी येत होता. ताई कापडाला जे करायची, नेमकं तेच मी कागदाला केलं होतं. ओलं केलेलं होतंच. मी ते मोजून दाबलं आणि दाबाखालीच वाळू दिलं. सपाट राहायचं हे त्यांना आता कायमचं ठाऊक झालं होतं.

संध्याकाळपर्यंत आम्ही सहा ताव फाडले. मग भाची उठली, तोंड धुतलं, दाराशी ठेवलेली टोपली उचलायला गेली. त्यात कात्र्या होत्या, फिती होत्या, आणि तळाशी एक वीतभर साचा. बाहीच्या टोकाला झालर लावायचा. माझ्या नजरेतून सुटला होता. बांधलेला तसाच वाळला होता. तिनं फीत सोडली, तो ताणला, सोडला. तो मिटला.

"हा तेवढा तुला सापडला नाही," ती म्हणाली आणि तो पर्समध्ये टाकला.

गुरुवारी मुख्याध्यापिका आल्या. भाचीनं त्यांना आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं, तरी आल्या. समितीतले दोघं दाराशीच उभे राहिले. बाईंनी चष्मा लावून ढीग पाहिला, एकदोन ताव उलटले, नावं वाचली. 'सासूबाई' वाचून त्यांना हसू आलं आणि लगेच ते आवरलं.

"मला फार वाईट वाटतंय," त्या भाचीला म्हणाल्या. "पण वर्ग कशावर घेणार तुम्ही? एका बाहीवर?"

त्या खोलीत पुढे यंत्रावरच्या भरतकामाचा वर्ग सुरू झाला, असं ऐकलं.

ताईला सांगायचं राहिलं होतं. भाची म्हणाली, "तू सांग. मी सगळं करीन, हे नाही करणार." मी गेलो. ताई त्या दिवशी जागी होती, उशांना टेकून.

"आलास? नेले का त्यांनी?"

मी सांगितलं. वाटेत पाठ केलं होतं तसं नाही सांगता आलं. मधूनच सुरुवात झाली, मग मागचं, मग परत पुढचं. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही.

"सगळे?" तिनं शेवटी विचारलं.

"बाहीचा राहिला."

"वजन कशाचं ठेवलंस?"

"कोशाचे खंड."

"अकराच्या अकरा?"

"हो."

"मग बसणारच," ताई म्हणाली. आणि ती हसली. मला वाटलं ती रडेल, ते सोसायची तयारी करून मी गेलो होतो. हसण्याची केली नव्हती. मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं, आणि मी निघेपर्यंत ती तशीच होती.

दवाखान्यातून ताई माझ्याकडेच आली, कारण भाचीच्या घरचे जिने तिला आता चढता येत नव्हते. तिचा पलंग बैठकीत, त्याच टेबलाशेजारी ठेवला. आठवडाभर ती बोलली नाही. मग एका सकाळी म्हणाली, "कागद आण. हाडाची पट्टी आण. मी सांगते, तू दुमड."

"मी?"

"दुसरं कोण आहे इथं? तुझे हात थरथरत नाहीत ना?"

पंधरा दिवस आम्ही बसलो. ती डोळ्यांनी मोजायची. "केसभर डावीकडे. अरे, डावीकडे. लिहितोस त्या हाताची उलट बाजू." मी रेघ ओढायचो, दुमडायचो, नखानं दाबायचो. बारा दुमडींपर्यंत एकदा पोचलो. मग दुसरा ताव केला आणि पहिल्यात बसवायला गेलो. पाचव्या दुमडीला अडला. पुन्हा केला, तिसऱ्या दुमडीला अडला. भाची कामावरून येताना डोकवायची. ती आता एका मोठ्या धोबीकामाच्या कारखान्यात लागली होती. दिवसभर चादरींच्या सुरकुत्या काढते. आमच्याकडे बघायची, बूट काढायची, आणि चहा टाकायला जायची.

सोळाव्या दिवशी ताईनं माझ्या हातातली पट्टी मागून घेतली. स्वतः कागदावर टेकवली. रेघ निघाली, पण ती पाण्यावर ओढल्यासारखी होती. तिनं पट्टी उशीखाली ठेवली.

"सोड," ती म्हणाली. "तुझा हात सरळ करणाऱ्याचा आहे."

यात राग नव्हता. तसा मी तिच्या आवाजात पुष्कळ शोधला, राग असता तर काही करता आलं असतं.

त्यानंतर साधारण महिन्यानं कोशाच्या कार्यालयातून पत्र आलं. सगळे खंड पुन्हा छापायचे होते. जुन्या माणसांना काही दुरुस्त्या सुचवायच्या असतील तर पृष्ठ क्रमांकासह कळवाव्यात, जागेची अडचण नाही. पत्राखाली सही होती ती मुख्य संपादकांची नव्हे, ते कधीच गेले. कुणा तरुण बाईंची होती.

त्या दुपारी मी तिसऱ्यांदा नोंद लिहिली. जुन्या पाच ओळी आठवत होत्या तशा उतरवल्या, त्यात साच्याबद्दल दोन ओळी घातल्या. सात ओळी. मनाला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. पद्धतीप्रमाणे सही घ्यायला ती ताईच्या पलंगाशी नेली आणि वाचून दाखवली.

"परत वाच," ती म्हणाली.

परत वाचली.

"हे कुणासाठी?"

"म्हणजे... वाचणाऱ्यांसाठी. अर्थ नीट कळावा."

"कळून काय करणार ते? घालणार कोण?"

मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. तिचा हात पांघरुणाच्या काठावर होता, काठ चिमटीत धरत होता, सुटत होता, धरत होता.

"तेव्हा छापलंत तेच राहू दे," ताई म्हणाली. "घडी, चुणी. तेव्हा चूक होतं. आता बरोबर आहे."

"तू वाचलं होतंस?"

"दिलंस त्याच दिवशी. पुस्तक दिल्यावर माणूस पान काढून बघतंच की रे. कव्हर मग घातलं."

"मग इतकी वर्षं गिऱ्हाइकांना ते—"

"उघडून कुणी बघणार होतं का? बोट दाखवायला बरं होतं."

तिनं डोळे मिटले.

चिठ्ठी टेबलावर होती, सात ओळींची, सही नसलेली. साहेबांपुढे बोलायचं धैर्य माझ्यात तेव्हा नव्हतं, सहीशिवाय चिठ्ठी पाठवायचं आता कुठून येणार. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयाला उत्तर पाठवलं. खंडाचा क्रमांक लिहिला, पृष्ठाचा क्रमांक लिहिला, शब्द लिहिला, आणि पुढे लिहिलं: दुरुस्ती नाही.